एकशे बारा नंबरचा खण

आधी कबूल करून टाकते, म्हणजे माझ्यामागं नातवंडांना चोरून हसायला काही उरायचं नाही. ऐन बाजाराच्या दिवशी, भरल्या बँकेत, मी कॅशियरच्या खिडकीखाली फरशीवर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "माझी नोट दिल्याबिगर उठायची न्हाय." तसली दुसरी नको. माझीच. तेव्हा मी विशीतली होते. डोक्यावर पदर होता आणि डोक्यात नुसता कोंडा.

पण त्या येडीची बाजू कुणीतरी मांडायला पाहिजे. दुसरं कोण मांडणार?

माझं माहेर अणदूरकडलं. आमच्या माहेरगावात एक म्हातारी कासारीण होती. बांगड्या भरायची, आणि अख्ख्या आळीतल्या बायकांची ठेव सांभाळायची. नवऱ्याला ठाऊक नसलेले चार पैसे, मोडकी नथ, मेलेल्या लेकराचा वाळा, जे असेल ते. चिंधीत बांधायचं, आपली गाठ मारायची आणि तिच्या हाती द्यायचं. ती ते उतरंडीतल्या मडक्यात टाकायची. दहा वर्षांनी मागितलं तरी तीच चिंधी, तीच गाठ हातात यायची. गाठीवरून ती बाई ओळखायची. ठेव म्हणजे काय, ते मी तिथं शिकले. ठेवीची आणखी कुठली तऱ्हा असती, हे मला कुणी सांगायचं?

लग्नात पाठवणीच्या वेळी आईनं माझ्या मुठीत पाचाची नोट कोंबली. त्यासाठी तिनं दोन कोंबड्या विकल्या होत्या. नोटेच्या आठ घड्या घातलेल्या, आणि वरच्या घडीवर तिचा हळदीचा अंगठा उमटलेला. दिवसभर हळदीत राबणाऱ्या बाईचा हात तो. "अडीनडीला ऱ्हाऊ दे," एवढंच बोलली आणि तोंड फिरवलं.

नोट मी चंचीत ठेवली. अडीनडी लई आल्या, पण मी ती मोडली नाही. सासरी, म्हणजे बेंबळीच्या बाजूला, कुणाचं ध्यान नाही असं बघून काढायची, अंगठ्यावर अंगठा ठेवायची आणि परत ठेवून द्यायची. माझा अंगठा आईच्या अंगठ्यापेक्षा बारीक होता.

मग दुष्काळ आला. विहिरींचे तळ दिसले, जनावरं गेली, आणि घरातली धडधाकट माणसं सगळी दुष्काळी कामावर खडी फोडायला लागली. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, माझ्या शेजारीच बसायच्या. माझा एक ढीग होईस्तोवर त्यांचे दोन व्हायचे. वरून म्हणायच्या, "दगडाला गोंजारू नको गं, फोड त्याला!"

त्याच साली आमच्या गावात बँक निघाली. एका व्यापाऱ्याच्या बंद पडलेल्या दुकानात एक टेबल, एक तिजोरी आणि जाळीची खिडकी, एवढीच. पगाराच्या दिवशी तिथला कॅशियर सायकलवरून कामावर यायचा आणि बाभळीखाली टेबल मांडायचा. पोरसवदा, केसाला तेल चोपडलेला, बोलायला गोड. मला म्हणाला, "ताई, पाच रुपयांत खातं निघतं. आमच्याकडं ठेवलेलं हरवत नाही, चोर नेत नाही, उंदीर खात नाही."

चोराचं मला भय नव्हतं. पण उंदीर! दाणा नाही म्हणून उंदीर त्या साली कापडं खायला लागले होते. माझ्या चंचीची कड दोनच दिवसांमागं कुरतडलेली होती.

मी नोट काढून दिली. तो उलगडायला लागला तशी मी ओरडलेच, "उलगडू नका! घडी तशीच ऱ्हाऊ द्या."

तो हसला. खरोखरच उलगडली नाही. माझा अंगठा शाईत बुडवून कागदावर घेतला आणि पासबुकावर एकशे बारा नंबर घातला. मी समजले की हा माझ्या खणाचा नंबर. वैद्याच्या कपाटाला असतात तसे भिंतभर बारके खण आत असणार, आणि एकशे बाराव्यात माझी घडी.

शाईचा अंगठा मी आठवडाभर मिरवला. धुवायला पाणी तरी कुठं होतं म्हणा! येता-जाता बँकेच्या भिंतीकडं असं बघायची, की जणू आईला तिथं नोकरी लागलीय.

पुढं दुष्काळ सरला. त्याच्या पुढल्या साली आई गेली. सांगावा उशिरा पोचला. मी अणदूरला उतरून घर गाठलं, तोवर राखसुद्धा सावडून झाली होती. तिचा फोटो कधी काढलेलाच नव्हता. दोन लुगडी होती, ती भावजयांनी वाटून घेतली. मी रिकाम्या हातानं परत निघाले. एस्टीत बसल्यावर एकदम ध्यानात आलं, की आईचा अंगठा आहे की! बँकेत आहे. एकशे बारात.

बाजाराच्या दिवशी गेले. पासबुक खिडकीतून आत सारलं आणि म्हणाले, "माझा खण उघडा."

"कसला खण, ताई?"

"एकशे बारा."

त्याला वाटलं, हिला पैसे काढायचेत. कागदावर माझा अंगठा घेतला आणि करकरीत पाचाची नोट पुढं केली. मी ती माघारी ढकलली. त्यानं दुसरी दिली. तीही ढकलली. मागं रांग खोळंबली. एक फेटेवाला म्हणाला, "अगं बये, नवीकोरी देतुया, घे की! का बँकच पायजे?" सगळे खो खो हसले. तेव्हा मी खाली मांडी घातली.

मॅनेजर उठून आले. भला माणूस. उकिडवे बसून मला समजावायला लागले, "हे बघा बाई, पेवात सगळ्यांची ज्वारी एकत्र असते ना? तुम्ही पायली टाकली, तर पायली परत मिळते. पण दाणे तेच कसे मिळतील?"

मी म्हणाले, "ज्वारीला आई नसती, सायेब."

जाळीआडून कॅशियरनं हळूच विचारलं, "कशी होती नोट?"

"आठ घड्या. वर हळदीचा अंगठा."

त्यानं टाक खाली ठेवला.

तेवढ्यात कुणीतरी आत्याबाईंना बाजारातून बोलावून आणलं. त्यांनी दंडाला धरून मला उठवलं. "नाक कापलंस, भवाने! आता ह्या गावातनं कुठल्या तोंडानं फिरू?" वाटभर तोंडाचा पट्टा चालू. ओढ्यापाशी आल्यावर मात्र एकाएकी थांबल्या.

"कुठल्या हाताचा हुता गं अंगठा?"

"उजव्या."

"हं," म्हणाल्या, आणि घर येईस्तोवर माझा दंड सोडला नाही. पण आता तो ओढत नव्हत्या.

गावानं मला वर्षभर 'एकशे बारा' म्हणूनच हाक मारली. नात आता भिंतीतल्या यंत्रातून पैसे काढते, तेव्हा मलाच सोबत नेते आणि विचारते, "आजी, तुझा खण कुठला गं?" मीही बोट दाखवते. पण अजून कुठल्या लग्नात पाठवणी सुरू झाली, की मी नवरीच्या मुठीकडं बघत बसते. सुना एकमेकींना म्हणतात, म्हातारीला माहेर आठवलं. खोटं नाही ते. पण नुसतं तेवढंच नाही.

त्याचं असं झालं. पुढं काही महिन्यांनी त्या कॅशियरची बदली झाली. जायच्या आदल्या दिवशी तो सायकल घेऊन आमच्या दारात आला. आत्याबाईंनी चहा दिला, तो उभ्यानंच प्याला. मग मान खाली घालून तो जे बोलला, ते खरं की माझी समजूत घालायला रचलेलं, हे मी आजवर ठरवलेलं नाही. ठरवायचंही नाही. तो म्हणाला:

"ताई, त्या दिवशी लोकांसमोर बोलायचा धीर झाला नाही. तुमची नोट मला चांगली आठवते. तुम्ही उलगडू नका म्हणालात म्हणून दोन महिने गल्ल्याच्या कोपऱ्यात तशीच ठेवली होती. रोज मोजायचो, पण कुणाला द्यायचो नाही. मग एक बाप लेकीच्या लग्नाला पैसे काढायला आला. त्याला सगळ्यात वर ती दिली आणि म्हटलं, मामा, ही हळदीची आहे, बाजारात मोडू नका, पाठवणीला पोरीच्या मुठीत द्या."