लेसिएलीचे चार म्हणजे पाच

टोंगाटापू बेटावर देवाच्या खालोखाल घड्याळावर हुकूम चालतो तो आपला, असं लेसिएली कधी तोंडानं म्हणाली नाही. पण तिच्या चालण्यात ते दिसायचं. विमान कुठल्या दिवशी ऑकलंडला जाणार आणि किती वाजता परतणार, हे ती ठरवायची. कंपनी एवढीशी, विमान एकच. पण आमचं अर्धं बेट ऑकलंडला राहतं आणि उरलेलं अर्धं त्यांना भेटायला जात-येत असतं, त्यामुळे त्या विमानात खुर्ची कधी रिकामी नसायची.

विमान वेळेवर आणणं सोपं, माणसं आणणं महाकठीण. आमच्याकडे एक माणूस परदेशी निघाला की सोडायला गाव लोटतं. गाव आलं की प्रार्थना आली, प्रार्थनेमागे स्तोत्र, स्तोत्रामागे रडारड. आणि रडून भूक लागते, म्हणून ऑकलंडच्या नातवंडांसाठी बांधलेलं भाजकं डुक्कर तिथेच, फुआमोटूच्या विमानतळावर, सुटायचं.

तेव्हा लेसिएलीनं खोटं बोलायला सुरुवात केली. वैमानिकांना खरी वेळ, लोकांना तासभर आधीची. पाचचं विमान वेळापत्रकात चारला. विमानं वेळेवर उडू लागली आणि लेसिएलीला कचेरीत मान मिळाला. कुणाचं काही नुकसान नाही, मग पाप कसलं, असं तिनं स्वतःला समजावलं आणि ते तिला लगेच पटलंही.

पण शेरास सव्वाशेर असतो. तिची सव्वाशेर म्हणजे टोकिलुपे आत्या, तिच्या वडलांची थोरली बहीण. आमच्याकडे आत्या म्हणजे काय, हे आत्या असलेल्यालाच कळतं. बापापेक्षा मोठी. तिनं मागितलं ते द्यायचं, सांगितलं ते करायचं, आणि तिच्यासमोर आवाज चढवायचा नाही. ही आत्या कोलोवाईच्या चर्चमध्ये गायकवृंदाची मुख्य, अंगानं भरभक्कम, आणि आयुष्यात कशालाही वेळेवर न पोचलेली. दोनदा उशिरा पोचूनही विमानतळावर ताटकळल्यावर तिनं भाचीची लबाडी ओळखली आणि रविवारी प्रार्थना सुटल्यावर चर्चच्या पायरीवरून गावाला सांगून टाकलं, "लेसिएलीचे चार म्हणजे पाच. निवांत जेवून निघा."

झालं. विमानं पुन्हा उशिरा सुटू लागली.

यंदा मे महिन्यात मात्र गोष्ट निराळी होती. मेच्या पहिल्या रविवारी आमच्या मुलांचा सण असतो. पोरं पांढरे कपडे घालून चर्चमध्ये उभी राहतात आणि बायबलातले उतारे पाठ म्हणतात, आणि आज्या ओल्या डोळ्यांनी शेजारणीकडे बघतात, ऐकलंस का म्हणून. लेसिएलीची नात लोसे सहा वर्षांची, ऑकलंडलाच जन्मलेली. आजीनं तिला आजवर फक्त फोनवर पाहिलं होतं. फोनवर मांडीवर घेता येत नाही, याचं लेसिएलीला फार दुःख होतं. यंदा लोसे कोलोवाईत उतारा म्हणणार होती. बाप फेलेटी तिला घेऊन येणार होता.

पण शुक्रवारपर्यंतच्या सगळ्या फेऱ्या भरलेल्या. लेसिएली साहेबांच्या मागे हात धुऊन लागली. शेवटी कंपनीनं दुसरं विमान भाड्यानं घेतलं आणि शनिवारची एक जादा फेरी काढली. चारला इथून सुटायचं, ऑकलंडहून आपल्या घड्याळाच्या आठला उलटं फिरायचं, अकराला घरी. बाराला रविवार लागतो, आणि रविवारी आमच्या देशात विमान उतरत नाही. तसा कायदाच आहे. म्हणजे हाताशी मोकळा तास एकच.

"आणि या वेळी खरी वेळ लिहायची," साहेब म्हणाले. "विमान परक्याचं आहे, त्यांच्याशी लबाडी चालणार नाही."

लेसिएलीनं कित्येक वर्षांत पहिल्यांदा खरं लिहिलं. चार म्हणजे चार. ऑकलंडहून आठ म्हणजे आठ. आणि मग जाणाऱ्यांची यादी पाहून तिला घाम फुटला. त्या चारच्या विमानानं ऑकलंडला गायला निघालेला अख्खा कोलोवाईचा वृंद, आणि सगळ्यात वर टोकिलुपे आत्या.

ती तशीच आत्याच्या घरी गेली. आत्या अंगणात बसून खोकी बांधत होती.

"आत्या, शनिवारी चार म्हणजे चारच हं."

"हो गं बाई. म्हणजे पाच."

"नाही आत्या, देवाशपथ चार!"

"शपथ घेतेस? मग साडेपाच असतील."

गावात सगळीकडे हेच. जो तो हसायचा आणि "बरं बरं" म्हणायचा. लेसिएली आत्याच्या घरामागे, भट्टीपाशी जाऊन बसली. खरं सांगून भागत नाही म्हटल्यावर तिला एकच मार्ग माहीत होता. ती परत अंगणात आली आणि आत्याच्या कानाशी लागली.

"कुणाला सांगू नका, आत्या. भाड्याच्या विमानाचं पोट फार लहान आहे. आधी येणाऱ्याची खोकी चढणार, मागच्यांची इथेच राहणार. फुआमोटूच्या वाइमोआनाबाईंना कुठून तरी कळलंय म्हणे."

आत्याचा हात दोरीवरच थांबला. वाइमोआना ही दुसऱ्या वृंदाची मुख्य, तीही याच विमानानं निघालेली. दोघी एकमेकींना पाण्यात पाहायच्या.

"तिची खोकी आधी? माझी कोनफळं इथे राहणार आणि तिची जाणार?"

शनिवारी दुपारी दोनच्या आधीच विमानतळावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. आत्या सगळ्यांच्या पुढे, खोक्यावरच बसलेली. कमरेला मानाची नवी चटई गुंडाळलेली, हातात पंखा. मागे वाइमोआना धुसफुसत. प्रार्थना, स्तोत्र, रडणं, डुक्कर, सगळं यथासांग झालं आणि तरी विमान चारच्या ठोक्याला उडालं. साहेबांनी लेसिएलीच्या पाठीवर थाप मारली. ती मोठ्या ऐटीत खुर्चीवर रेलली.

सात वाजून गेल्यावर ऑकलंडच्या विमानतळावरून केपूचा फोन आला. तिथली खिडकी तो सांभाळायचा.

"ताई, इकडे परतीचे सगळे आले. दोघं सोडून. तुमचा फेलेटी आणि लोसे."

लेसिएलीनं मुलाला फोन लावला.

"अजून घरी? अरे, आठला विमान आहे!"

"हो ना आई, म्हणजे नऊ. तूच तर शिकवलंस."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. गावभर घसा फोडून सांगितलं, आणि घरच्याला सांगायचं राहिलं. "पळ!" एवढंच ती ओरडली. मग ती मोठ्यानं रडली. आपणच काढलेली फेरी, आपणच लिहिलेली वेळ, आणि आपलीच नात मागे राहणार. आणि हे सगळं आपल्याच जिभेनं केलं.

थोड्या वेळानं केपूचा पुन्हा फोन. त्याचा आवाज विचित्र येत होता.

"ताई, आत्या विमानातून उतरत नाहीयेत."

"म्हणजे?"

"फेलेटीनं त्यांना फोन केला, ‘आजी, आईनं या वेळी खरंच खरं लिहिलं होतं, आम्ही अजून वाटेतच’ म्हणून. तेव्हापासून बसल्यात. आधी म्हणाल्या, पायाला मुंग्या आल्यात. मग म्हणाल्या, सुखरूप पोचलो, देवाचे आभार नकोत का मानायला? आता अख्खा वृंद खुर्च्यांत बसून गातोय. तिसरं कडवं चाललंय."

"एकूण कडवी किती आहेत?"

"अकरा. हवाई सुंदरी आपल्या कंपनीची, कोलोवाईचीच आहे, ती कसली उठवतेय त्यांना! उलट सुरात सूर मिळवतेय."

लेसिएलीनं डोळे पुसले. आयुष्यभर ज्या उशिराशी ती भांडली, तो आज ऑकलंडला खुर्चीत बसून तिच्यासाठी गात होता. हातचा मोकळा तास असा कडव्याकडव्यानं संपत होता, आणि कधी नव्हे ते तिला वाटलं, आत्या, जरा सावकाश म्हणा.

दहाव्या कडव्याला फेलेटी मुलीला खांद्यावर टाकून धावत आला. आत्याच्या पायाच्या मुंग्या तत्क्षणी गेल्या. शनिवार संपायला थोडा अवकाश असताना विमानाची चाकं फुआमोटूला टेकली.

रविवारी लोसे उतारा मध्येच विसरली, आजीकडे बघून खुदकन हसली आणि पुढचा म्हणाली. लेसिएलीनं शेजारणीकडे बघितलं.

सोमवारी आत्याचा फोन आला.

"पोरी, विमानाचं पोट मी बघितलं. माझी कोनफळं काढताना मुद्दाम वाकून बघितलं. अर्धं रिकामं होतं."

आत्यासमोर खोटं बोलल्याची शिक्षा काय असते, कुणास ठाऊक. आजवर कुणी सापडलंच नव्हतं.

"यापुढे एक लक्षात ठेव," आत्या म्हणाली.

"हो, आत्या. यापुढे खरंच लिहीन."

"मुळीच नाही!" आत्या कडाडली. "आधीसारखी तासभर खोटी वेळ लिही. तू खरं लिहायला लागलीस की लोकांची विमानं चुकतात."