पुण्याला नेलेली अँटिमनीची फिल्म

सत्तरच्या दशकात सांगलीच्या एका कॉलेजात मी सरांच्या हाताखाली अँटिमनी या धातूच्या पातळ फिल्मवर, म्हणजे काचेवर बसवलेल्या थरावर, संशोधन करत होते. काचेच्या हंडीतली हवा पंपाने उपसायची, धातूचा तुकडा तापवून त्याची वाफ करायची आणि ती वरच्या काचपट्टीवर बसू द्यायची. थर जाड झाला की अणू आपसूक रांगेत बसत, स्फटिक बनत. अगदी पातळ ठेवला तर जसे पडले तसेच अस्ताव्यस्त राहत. हा बदल नेमका कोणत्या जाडीला होतो, एवढंच मला शोधायचं होतं.

वीज गेली की पंप बंद पडायचा आणि सगळं पहिल्यापासून. तरी एकदाची मनासारखी अस्फटिकी फिल्म मिळाली. तिचा विद्युतरोध भरपूर होता. स्फटिक झाली असती तर तो धाडकन उतरला असता. पण नुसत्या रोधावर कोण विश्वास ठेवणार? इलेक्ट्रॉनांनी काढलेला फोटो हवा होता, आणि ते यंत्र पुण्याला.

पट्टी कापसात गुंडाळून डब्यात घातली आणि भर उन्हाळ्यात एसटीत बसले. डबा मांडीवरून हलवला नाही. साताऱ्याच्या पुढे घाटात गाडी बंद पडली. दुसरी येईपर्यंत आम्ही सगळे रस्त्यावर तापत उभे.

पुण्याच्या तंत्रज्ञांनी फोटो धुऊन माझ्यासमोर धरला. पुसट, पसरट वलयं दिसायला हवी होती. दिसली ती बारीक आणि रेखीव.

"बाई, ही तर पुरती स्फटिक झालीय," ते म्हणाले. "वाटेत तापून अणू रांगेत बसले असणार. दुसरी आणा, पण आता नंबर पावसाळ्यानंतरच."

सांगलीला परतून सरांना सांगितलं. "तुझं काही चुकलं नाही," एवढंच म्हणाले. चूक काढली असती तर बरं वाटलं असतं.

पावसाळ्यात पंप जळाला. नव्याला मंजुरी आलीच नाही. दिवाळीला दहिवडीला घरी गेले, तेव्हा फौजेतून परतलेले वडील म्हणाले, "आता थांब बाय. लय वर्षं झाली."

"पंप आला तर होईल, आबा."

"आन् न्हाई आला तर?"

पुढच्या जूनमध्ये फलटणच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले. सरांनी त्यानंतर कुणालाच हाताखाली घेतलं नाही. एकदा त्यांना भेटायला गेले होते. दोघंही हवापाण्यावर बोललो, आणि चहा पिऊन मी निघाले.