टाकीवरची टकटक

मास्तर जमिनीवर असला की त्याच्या तोंडाचा पट्टा थांबत नसे. समुद्रात बुडी मारायला शिकवणं हा त्याचा धंदा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. बायको म्हणे, "तुम्ही पाण्यात असता तेवढाच माझ्या कानांना आराम." पाण्याखाली त्याचं काही चालत नसे. तिथे कुणाचं लक्ष वेधायचं तर पाठीवरच्या हवेच्या टाकीवर हातातल्या लोखंडी कडीने टकटक करायची, बस्स.

त्याच टकटकीवर त्याने एका माशाला लळा लावला होता. मासा कसला, पोत्याएवढी थोराड मादी, जाड ओठांची, कायम रुसलेल्या तोंडाची. राहायची एका कपारीत. टाकी वाजली की बाहेर यायची आणि मास्तरच्या हातून उकडलेलं अंडं खायची. समुद्रातल्या जिवांना खाऊ घालू नका, असं वर्गात घसा फोडून सांगणारा हाच. लोका सांगे ब्रह्मज्ञान! बायको सकाळी अंडं त्याच्या हातात ठेवायची आणि म्हणायची, "घ्या, माझ्या सवतीचा डबा." तेव्हापासून त्या मादीचं नावच सवत पडलं.

त्या दिवशी त्याच्यासोबत बँकेतल्या एक बाई होत्या, पहिल्यांदाच पाण्यात उतरलेल्या. नवख्याचा हात सोडायचा नाही, हा नियम मास्तरने कधी मोडला नव्हता. बाईंनीही त्याचं मनगट घट्ट धरलेलं. दोघं कपारीजवळ पोचले आणि बघतात तर समोर एक भालेवाला. टाकी नाही, काही नाही, नुसता श्वास रोखून उतरलेला, हातात भाला सोडायची बंदूक. कपारीच्या तोंडाशी तो टपून होता, पण सवत पार आत होती. त्याचा दम संपत आला होता. आता वर जाणं त्याला भागच होतं. मास्तर गप्प बसला असता तर सगळं निभावलं असतं.

पण गप्प बसणं त्या माणसाच्या रक्तातच नव्हतं. त्या भालेवाल्याने आपल्याकडे बघावं, आपण हाताने त्याला 'नको, नको' म्हणावं, म्हणून त्याने जीव खाऊन टाकी वाजवली.

भालेवाल्याने वळून पाहिलं. आणि सवत बाहेर आली.

सरळ मास्तरकडेच निघाली, भालेवाल्याच्या पुढ्यातून. मास्तरने हात पुढे करून तिला मागे लोटायच्या खुणा केल्या. तिच्या लेखी तो अंड्याचा हात होता. 'ये'ची खूण त्याने तिला शिकवली होती, 'जा'ची कधी शिकवलीच नव्हती. झेप घ्यावी तर मनगटाला बाई लटकलेल्या. तो ओरडला, पण तोंडातून नुसते बुडबुडे निघाले.

भाला लागल्यावरही ती थोडी पुढे आली, त्याच्याच दिशेने. मग भाल्याला बांधलेली दोरी ताणली गेली. वर जाता जाता भालेवाल्याने मास्तरला हात केला. या भल्या माणसाने मदत केली, असंच त्याला वाटलं असणार.

घरी आल्यावर मास्तरने अंडं स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवलं.

"अगंबाई, आज तोंडाला कुलूप?" बायको म्हणाली. "सवत भेटली नाही वाटतं?"

"भेटली."

"मग हे अंडं परत कसं आलं?"

मास्तर खाली बसला.

"मी बोलावलं," तो म्हणाला, "आणि ती आली गं."