चौथं कलम

माझ्या आतेभावाला घरात सगळे टकटक म्हणतात. तीस वर्षं तो कोर्टाच्या जिन्याखाली टेबल मांडून लोकांचे करार आणि अर्ज टाइप करतोय, आधी मशीनवर, मग कॉम्प्युटरवर. वेगाबद्दल त्याचं भारी नाव. समोरच्याशी गप्पा चालू, बोटं चालू. मी एकदा विचारलं, "अरे, लिहितोस ते वाचतोस तरी का?"

"ताई, वाचत बसलो तर उपाशी मरेन."

वहिनीच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली. बस चढणं बंद झालं आणि आठवड्यातून तीनदा व्यायामासाठी हॉस्पिटल गाठायचं होतं. म्हणून जुनी गाडी घ्यायची ठरली. चष्म्याच्या दुकानाचा मालक आपली पांढरी गाडी विकत होता. वहिनी शाळेत शिकवायची, तिचं डोकं जागेवर असतं. तिने फोनवर मेसेज टाकून सरळ विचारलं, "गाडीत कधी पाणी शिरलं होतं का?" उत्तर आलं, "छे हो, थेंबसुद्धा नाही."

विक्रीचा कागद दुसऱ्या कोणाकडे कशाला द्यायचा? टकटकने स्वतःच केला, दहा मिनिटांत. दोघांनी सह्या ठोकल्या. चौथं कलम असं: गाडी जशी आहे तशी घेतली असून पुढे कोणत्याही दोषाबद्दल खरेदीदार तक्रार करणार नाही. चष्मेवाल्याने हे मागितलंही नव्हतं. पण टकटककडे गाडीचे कागद करायला बहुतेक विकणारेच यायचे, आणि त्यांना हे कलम हवंच असायचं. बोटांना सवय झाली होती. त्या दिवशी गाडी घेणारा आपला धनीच आहे, हे बोटांना कोण सांगणार?

तिसऱ्या आठवड्यात गाडी भर चौकात बंद पडली, वहिनी आत. गॅरेजवाल्याने पायाखालचं कार्पेट उचललं. खाली वाळलेला गाळ, वायरींच्या टोकांना हिरवा गंज.

"काका, ही गाडी पोहून आलीय," तो म्हणाला.

चष्मेवाला शांतपणे म्हणाला, "चौथं कलम वाचा. तुमच्याच हातचं आहे."

कोर्टातली एक तरुण वकीलबाई टकटकला ओळखत होती. तिने समजावलं, "तो काही गाड्यांचा व्यापारी नाही, त्यामुळे ग्राहक मंचाचं दार बंद. दिवाणी दावा लावू, आधी नोटीस. जाणूनबुजून खोटं बोलून विकलं असेल तर असलं कलम त्याला वाचवत नाही. पण त्याला माहीत होतं आणि तुम्ही त्याच्या शब्दावर विसंबलात, हे दोन्ही दाखवावं लागेल."

पहिलं सापडलं. दोन वर्षांपूर्वी पाणी शिरलं म्हणून त्याने विम्याची भरपाई घेतली होती. दुसऱ्यासाठी वहिनीचा मेसेज होता.

"पण समोरचा वकील विचारणार, हे कलम तुम्हीच का घातलंत," ती म्हणाली. "तिथे खरं सांगावं लागेल."

टकटक घरी आला. जेवला नाही. शेवटी म्हणाला, "न वाचता टाइप करतो असं सांगू? जिन्याखाली कुत्रं फिरकणार नाही."

"मग माझ्या नवऱ्याला वाचता येत नाही असं मी सांगू का?" वहिनी.

मला असली चालढकल सोसत नाही. म्हटलं, "अब्रू तुझी, गुडघे तिचे. काय ते ठरव."

साक्षीच्या दिवशी मी मागच्या बाकावर होते. समोरच्या वकिलाचे कितीतरी कागद टकटकनेच केलेले. तो गोड आवाजात म्हणाला, "तीस वर्षं हेच काम करता. या कलमाचा अर्थ तुम्हाला ठाऊक नव्हता?"

"अर्थ ठाऊक आहे. त्या दिवशी वाचलं नव्हतं." टकटकने न्यायाधीशबाईंकडे पाहिलं. मला वाटलं, झालं, एवढ्यावरच उतरणार. पण पुढे म्हणाला, "मी कोणाचंच वाचत नाही. बोटं लिहितात."

लोक हसले. "मेलो, माझं भाडेपत्र!" कोणीतरी ओरडलं. न्यायाधीशबाई हसल्या नाहीत. त्यांनी वाक्य लिहून घेतलं.

निकाल लागला: चष्मेवाल्याने गाडी परत घ्यावी, पैसे परत द्यावेत. गॅरेजचा खर्च मात्र टकटकने सोसावा, कारण कागद नीट वाचणं त्याचंही काम होतं. मला हे पटलं. त्याला पटलं नाही.

जिन्याखालची गर्दी निम्म्यावर आली. वहिनी भाड्याच्या गाडीने जाते. आणि टकटक? त्याच्या कॉम्प्युटरमध्ये जुन्या सगळ्या कागदांच्या प्रती आहेत. रिकाम्या दुपारी तो एकेक उघडून वाचतो आणि त्यात ते कलम सापडलं की गाडी घेणाऱ्यांना फोन लावून सांगतो. काही शिव्या घालतात, काही फोन आपटतात. परवा मी शेजारीच बसले होते. पलीकडची बाई इतकी मोठ्याने बोलत होती की मलाही ऐकू आलं.

"अहो, सहा वर्षं झाली! आत्ता सांगता होय?"

"हो बाई," टकटक म्हणाला, "आत्ताच वाचलं."