अम्मांची खळ आणि माझी जास्वंद

माझा स्वभाव तापट आहे, हे आता मी न लाजता सांगते. तेव्हा मला वाटायचं, आपण फक्त खरं बोलतो, लोकांनाच ते झोंबतं.

एकोणीसशे सत्तरनंतरची ती वर्षं. माझं नुकतंच लग्न झालं होतं आणि सोलापुरात हातमागवाल्यांच्या एका बोळात मी खोली घेऊन राहत होते. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. नवरा कुर्डुवाडीला, रेल्वेच्या कारखान्यात. तो शनिवारी संध्याकाळी यायचा आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत जायचा. मधले सगळे दिवस घरात मी एकटी आणि दाराशी माझी जास्वंद. वैरागला माहेरी आईच्या परसात जास्वंद होती, तिची फांदी ओल्या पोत्यात गुंडाळून, एसटीत मांडीवर धरून मी आणली होती. तुपाच्या रिकाम्या डब्यात लावली. ती जगेल असं कुणालाच वाटलं नव्हतं, पण जगली, आणि वर्षभरात कमरेएवढी झाली.

शेजारी अम्मा राहायच्या. त्या आणि त्यांचे मालक, ज्यांना मी मामा म्हणायचे, दोघंच. मूळचे तेलुगू, पण सोलापुरात तीन पिढ्या गेलेल्या. मामा मागावर लुगडी विणायचे आणि सुताची सगळी तयारी अम्मा करायच्या. सकाळी ऊन चढायच्या आत दाराबाहेर दोन लाकडी घोड्या उभ्या करायच्या, त्यांच्यामध्ये बोळभर सूत ताणायचं, आणि एका बाजूनं अम्मा, दुसऱ्या बाजूनं मामा, मोठ्या कुंच्यानं त्याला पिठाची खळ लावत जायचे. सूत ताठ झालं नाही तर मागावर तुटतं म्हणून हा खटाटोप. त्या खळीचे शिंतोडे सगळीकडे उडायचे. भिंतीवर, उंबऱ्यावर, अम्मांच्या केसांत. आमच्या बोळात पांढरा ठिपका दिसला की ती खळ, याबद्दल कुणाला शंकाच नसायची.

एकटीच्या त्या दिवसांत मला अम्मांचा फार आधार होता. शाळेतून आले की त्या दारातूनच विचारायच्या, ‘जेवण काय करतीस पोरी?’ मी म्हणायचे, सकाळचंच आहे. मग वाटीभर काहीतरी भिंतीवरून यायचं, चिंच घातलेलं, जीभ भाजेल इतकं तिखट. डोळ्यांतून पाणी काढत मी ते खायचे.

दिवाळीनंतर जास्वंदीच्या पानांवर पांढरे ठिपके दिसायला लागले. आधी पानांच्या बेचक्यात दोन-चार, मग देठांवर, मग कळ्यांवर. अर्थात खळच, दुसरं काय असणार? मी रोज तांब्याभर पाणी ओतून ते धुवायचे आणि दोन दिवसांत ते पुन्हा यायचे. शेंड्याची पानं मुडपायला लागली. कळ्या उमलायच्या आधीच पिवळ्या पडून डब्यात गळून पडायला लागल्या. आईला पत्र लिहिताना दरवेळी मी जास्वंदीला किती फुलं आली ते लिहायचे. त्या महिन्यात मी खोटं लिहिलं.

खोटं लिहावं लागल्याचाच राग जास्त आला असावा. एका सकाळी नळावर आठ-दहा बायका रांगेत असताना मी अम्मांना म्हणाले, ‘तुमच्या खळीनं माझं झाड मारलं की.’

अम्मा म्हणाल्या, ‘खळीनं झाड कशाला मरतंय गं?’

तिथं थांबायला हवं होतं. पण मी पडले वैरागची, एकदा तोंड उघडलं की मिटत नाही. मी म्हणाले, ‘ज्यांच्या दारात कधी हिरवं पान उगवलं न्हाय, त्यांना झाडाचं काय कळणार?’

रांगेत कुणीतरी हसलं. अम्मांनी घागर भरली, डोक्यावर घेतली आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घोड्या आमच्या दारासमोर नव्हत्या. बोळाच्या पार त्या टोकाला, भिंतीशी, जिथं सूर्य उगवला की लगेच ऊन येतं तिथं त्या दोघांनी सूत ताणलं होतं. तिथं खळ भराभर वाळायची, म्हणून त्यांना अंधुक उजेडातच काम सुरू करावं लागायचं. मला ते दिसत होतं. पण मी मनाशी म्हणाले, बरी अद्दल घडली.

आणि खरंच, झाड सुधारलं! आठ दिवसांत ठिपके कमी झाले, पंधरा दिवसांत नाहीसेच झाले. नवी पोपटी पानं आली. संक्रांतीच्या सुमाराला एका सकाळी तीन फुलं. मी नवऱ्याला ऐटीत सांगितलं, ‘बघितलंत? मी म्हणतच होते.’ तो बिचारा म्हणाला, ‘झाड आलं ते बरं झालं, पण अम्मा बोलत नाहीत का तुझ्याशी?’ मी म्हणाले, ‘नसतील बोलत.’ एक गोष्ट मात्र मला खटकायची. संध्याकाळी शाळेतून आल्यावर पानं कधी कधी ओली दिसायची आणि त्यांना तंबाखूचा उग्र वास यायचा. पण बोळातल्या निम्म्या बायका विड्या वळायच्या, वासाचं काय एवढं?

भिंतीवरून येणारी वाटी बंद झाली होती. ते मात्र मला रोज जाणवायचं. शाळेतून आल्यावर कुणीही काही विचारत नसे. मी दार उघडायचे, दिवा लावायचे आणि सकाळचं गार खायचे. आपलंच बरोबर असूनही घशाखाली घास का उतरत नाही, याचा मला राग यायचा.

फाल्गुनात अम्मा लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. मामांना एकट्यानं खळ लावता येत नाही, त्याला समोर दुसरं माणूस लागतं. त्यामुळे घोड्या भिंतीला टेकून पडल्या आणि बोळात खळीचा एक थेंबही उडेनासा झाला. तीन आठवडे झाले असतील. एका रविवारी पाणी घालायला गेले, तर देठांवर पांढरे ठिपके.

मी जागच्या जागी बसले. खळ नाही, तर हे आलं कुठून? पहिल्यांदाच मी त्या ठिपक्याला बोट लावलं. खळ नखानं खरवडली की पापुद्रा निघतो. हे मऊ होतं, कापसासारखं, आणि चुरडल्यावर बोट चिकट झालं. शेजारचा ठिपका हळूच पुढं सरकला. खोडावरून मुंग्यांची रांग वर चालली होती. इतके दिवस मी त्या ठिपक्यांवर लांबूनच पाणी ओतत होते आणि लांबूनच निवाडा देत होते.

मामा दारात बसले होते. म्हणाले, ‘बाई, ती खळ न्हाय. किडा हाय तो, पिठ्या ढेकूण म्हंत्यात. आमची जाऊन महिना होत आला की, म्हणून परत आला.’

मी विचारलं, ‘म्हणजे?’

‘ती पुसत होती न्हवं. तुमी साळंत गेल्यावर. ऊन उतरलं की रोज.’

मामांनी आतून एक डबा आणून दाखवला आणि रीत सांगितली. विड्यांचा तंबाखू चाळून उरलेला चुरा पाण्यात उकळायचा, गाळून घ्यायचा आणि त्यात धुण्याच्या साबणाचे तुकडे विरघळवायचे. सुताला खळ लावायचा एक झिजलेला कुंचा अम्मांनी त्यासाठीच बाजूला काढला होता. एकेक देठ, पानाची खालची बाजू, बेचका, सगळं हलक्या हातानं घासायचं, मग स्वच्छ पाण्यानं धुवायचं. भर उन्हात लावलं तर पानं करपतात. मुडपलेले शेंडे खुडून जाळायचे. आणि झाडाचा डबा पाण्याच्या ताटलीत ठेवायचा, म्हणजे मुंग्यांना वर जाता येत नाही. मामा म्हणाले, ‘मुंग्याच त्याला पोराला कडंवर घेतल्यावानी हिकडनं तिकडं नेत्यात.’

मी विचारलं, ‘मामा, हे मला आधी का नाही सांगितलं?’

ते म्हणाले, ‘मी म्हंटलं तिला, सांग की. ती म्हणाली, आता सांगितलं तर बाईला वाटंल मी माझी खळ झाकायली.’

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी दिली होती. आणि तो संन्यासी रोज उतरत्या उन्हात येऊन माझंच झाड पुसत होता.

पुढचा महिनाभर शाळेतून आल्याबरोबर, पदर खोचून, मी ते काम केलं. पाठ भरून यायची. शंभरेक पानं, प्रत्येक उलटून बघायची. अम्मांनी हे किती दिवस केलं असेल, तेही पहाटेपासून सुताशी उभं राहून झाल्यावर, याचा हिशेब करायचा मी टाळायचे. कधी कधी पुसता पुसता रडू यायचं.

अम्मा परतल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी नळावर गर्दी होती. मी मुद्दाम त्याच वेळी गेले. बोलले ते सगळ्यांदेखत, तेव्हा माघारही सगळ्यांदेखतच घ्यायला हवी होती. माझी घागर नळाखाली लागली होती. मी म्हणाले, ‘अम्मा, त्या दिवशी मी चुकले. झाडाला कीड होती. तुम्ही ती रोज पुसत होता, मला मामांनी सांगितलं.’

अम्मा म्हणाल्या, ‘माझ्या दारात पान न्हाय, ते खरं बोललीस तू. सुताला जागा लागती, झाड कुटं लावू? चाळीस वर्षं झाली. म्हणून तर तुझ्या दारातलं बघत होते की.’

नळाखाली माझी घागर भरून वाहायला लागली होती.

‘काढ ती,’ अम्मा म्हणाल्या, ‘पाणी वाया चाललंय.’