उत्तर उद्या देईन

डॉर्कस व्हॅन नेस म्हणजे एक नंबरची हट्टी बाई. हे मी, अमेरिकेतल्या ऑल्बनी गावी आमच्या विद्यापीठाच्या इतिहास विभागाचं ऑफिस जन्मभर चालवलेली कार्मेला, छातीठोकपणे सांगते.

तिचा विषय काय, तर इंग्रजांच्या वसाहती होत्या तेव्हा त्यांचे गव्हर्नर आणि इथले मूळ रहिवासी मोहॉक लोक याच गावात समोरासमोर बसून करायचे त्या वाटाघाटी. "गव्हर्नर हुकूम सोडायला यायचे म्हणे! खोटं आहे साफ," ती कडाडायची. "आधी मोहॉकांच्या मेलेल्या माणसांसाठी दुःख करायचं, मण्यांचे पट्टे द्यायचे, समोरच्याचं बोलणं जसंच्या तसं म्हणून दाखवायचं, आणि उत्तर दुसऱ्या दिवशी. शिकावंच लागलं त्यांना!" या रीतींचं मर्म तिला उलगडून दाखवलं आयव्ही लझोरनं. आयव्ही मोहॉक, सेंट लॉरेन्स नदीकाठची निवृत्त शिक्षिका. दोघींनी मक्याचं सूप ओरपत, कचाकचा भांडत मिळून पुस्तक लिहिलं.

पूर्ण प्राध्यापकपदासाठी डॉर्कसचं नाव पुढे आलं तेव्हा तिची साठी उलटली होती. ही शेवटचीच संधी. निवड समितीचे प्रमुख हॅलोरन म्हणाले, "पुस्तक उत्तमच आहे हो. फक्त मुखपृष्ठावर दोन नावं नकोत. आयव्हीबाईंचे प्रस्तावनेत आभार माना. त्या माहिती देणाऱ्या, अभ्यासक तुम्ही."

मी तिथंच इतिवृत्त लिहीत बसले होते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

डॉर्कस उठून उभी राहिली. "तुम्ही म्हणालात, पुस्तक उत्तम आहे. तुम्ही म्हणालात, दोघींचं असलं तरी नाव एकीचंच हवं. तुम्ही म्हणालात, आयव्ही माहिती देते आणि विचार मी करते. बरोबर सांगितलं ना?"

"म्हणजे... मला अगदी तसं म्हणायचं नव्हतं."

"मग कसं? बोला. तेही म्हणून दाखवते."

हॅलोरन कानापर्यंत लाल झाले. "उत्तर उद्या देईन," म्हणून ती निघून गेली.

संध्याकाळी आम्ही तिघी डॉर्कसच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. आयव्ही म्हणाली, "काढून टाक गं माझं नाव. बढती मिळाली की झकास जेवू घाल मला."

"गप बस. मला झोप तरी लागेल का?"

"न लागायला काय झालं? घोरतेस मरणाची!"

आम्ही पोट धरून हसलो. हसता हसता डॉर्कसला रडू फुटलं. "मला ते पद हवं होतं गं. फार हवं होतं."

दुसऱ्या दिवशी तिनं समितीला उभ्या उभ्याच सांगितलं, "दोन्ही नावं राहतील. तुमचं पद तुमच्यापाशीच ठेवा."

त्यांनी ठेवलं. पुस्तक मात्र दोन्ही नावांनीच निघालं.

ती निवृत्त झाली तेव्हा निरोपाच्या समारंभात हेच हॅलोरन माईकसमोर उभे राहून गोड आवाजात म्हणाले, "आमच्या प्राध्यापक डॉर्कस व्हॅन नेस..."

"सहयोगी प्राध्यापक!" पहिल्या रांगेतून डॉर्कस ओरडली. "वरचं पद तुम्हीच दिलं नाहीत. आज तरी खरं बोला."

हॅलोरननी घसा खाकरला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, या वेळी बरोबर.