साडी तुमची, शिलाई माझी

झबलेकाकूंना कोणी ‘किती छान!’ म्हटलं की राग यायचा. हातातलं झबलं ओढून घेत त्या म्हणायच्या, “छान काय? गळ्यातून बोट फिरवून बघ. टोचतं का?” टोचायचं नाही. तान्ह्या बाळाच्या झबल्याची शिवण त्या बाहेरच्या बाजूला ठेवायच्या, आणि बटणांऐवजी नाड्या लावायच्या. नवीन पनवेलमधल्या आमच्या इमारतीतली बहुतेक बाळं दवाखान्यातून घरी आली ती काकूंच्याच झबल्यात. तरी त्या गेल्या तेव्हा खालच्या फलकावरचं त्यांचं खरं नाव वाचून दोघांनी मला विचारलं, “कोण गेलं हो?”

नव्या कापडाला त्या हात लावायच्या नाहीत. ज्या घरात बाळ यायचं, त्याच घरातली, नेसून नेसून मऊ पडलेली सुती साडी लागायची. एकदा एक मुलगी दुकानातून कोरं कापड घेऊन आली. काकू दारातच म्हणाल्या, “आधी तू वर्षभर नेस, मग ये.”

“बाळ तोवर थांबेल का, काकू?”

“मग सासूची आण. सासू देत नसेल तर शेजारणीची माग, त्यात लाज कसली?”

लोक साडी आणून द्यायचे, झबली-दुपटी घेऊन जायचे आणि जिन्यात म्हणायचे, “काकूंना हौस आहे.” त्यांचा मुलगा प्रशांत ऑफिसात कोणाकडे बारसं असलं की आईला आठवडाभर आधी साडी आणून द्यायचा. साहेबांच्या नातवाचं दुपटं तर काकूंनी ताप अंगावर काढून पुरं केलं होतं. प्रशांतने त्याचा फोटो टाकला, खाली लिहिलं, ‘आईच्या हातची ऊब.’ शेकडो लोकांनी वाहवा केली. यातलं कोणीही दुष्ट नव्हतं. माझा संताप निवत नाही तो त्यामुळेच. दुष्टांशी भांडता तरी येतं.

सुकापूरहून एक भाजीवाली यायची. तिची मुलगी सुरतेला दिली होती. एक दिवस तिने टोपलीतून पुडकं काढलं. “काकू, साडी जुनी हाय, पन फाटकी नाय. पोरीचे सासूची हाय. कुरियरनं आली.” काकूंनी झबली शिवली, ती कुरियरनेच सुरतेला गेली. त्याच दुपारी काकू माझ्याकडे आल्या. मी शाळेत ग्रंथपाल होते, म्हणून त्या मला पुस्तकवाली म्हणायच्या. “पुस्तकवाले, साडी सुरतेहून येते, झबलं सुरतेला जातं. मग मी एका इमारतीपुरती का? मोबाइलवरनं विकतात ना बायका? लोणची विकतात, पर्स विकतात.”

पण ठरवायला त्यांनी महिने घेतले. कोणा परक्या बाईची एकुलती आठवण, तिच्या आईची साडी, आपण कात्रीखाली घ्यायची; चुकली तर काय भरून देणार? त्या साडीवर पैसे घ्यायचे का? सराव म्हणून त्यांनी मला गिऱ्हाईक व्हायला लावलं. मी नागपूरची बाई झाले.

“काकू, जरा कमी करा ना.”

“नाही होणार. ठेवते फोन.”

“अहो, गिऱ्हाइकाशी असं बोलतात का?”

“मग तुझी नागपूरची बाईच चांगली नाही.”

मोबाइलवरच्या विक्रीच्या पानावर टाकायचा मजकूर मी लिहिला. ‘मायेची ऊब’ त्यांनी खोडायला लावलं. “ऊब कापडाची असते. धुवायचं कसं ते लिही.” वर घालायची ओळ त्यांनीच दिली: साडी तुमची, शिलाई माझी. ती वाचून त्या लाजल्या. सत्तरीच्या काकूंना लाजताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मग त्यांनी प्रशांतला विचारलं. तो ओरडला नाही. जेवता जेवता म्हणाला, “आई, तुला काय कमी आहे? लोक म्हणतील, मुलगा आईला शिवणकामाला बसवतो. आणि परक्यांच्या नेसलेल्या साड्या घरात?” साहेबांच्या सुनेची साडी त्याला परकी वाटली नव्हती. पुढच्या आठवड्यात काकू बहिणीकडे गेल्या होत्या, तेवढ्यात त्याने शिलाई मशीन माळ्यावर चढवलं. आईला आराम, म्हणाला. शिडी चढणं त्यांना शक्यच नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं.

“फुकट दिलं की माया, विकलं की अब्रू जाते,” काकू मला म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “माझंच चुकलं. विचारायचं नव्हतं. सांगायचं होतं.”

त्यानंतर त्या हाताने शिवत राहिल्या, पुन्हा फुकटच. वर्षभरात छातीचं दुखणं निघालं आणि चार दिवसांत त्या गेल्या.

शोकसभा सोसायटीच्या हॉलमध्ये झाली. मी मागच्या रांगेत होते. ‘निरिच्छ’, ‘त्यागमूर्ती’ असे शब्द येत होते. काकूंनी एकूण एक खोडायला लावले असते. शेवटी प्रशांत उभा राहिला. त्याचे डोळे खरोखरच भरले होते. “आईनं आयुष्यात स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही,” तो म्हणाला.

चारचौघांत मी कधी बोलत नाही. त्या दिवशी उठले.

“मागितलं होतं, प्रशांत. तुझ्याकडेच.”

“आता हे कशाला, ताई?” शेजारून कोणीतरी म्हणालं आणि माझा पदर ओढून मला खाली बसवू लागलं.

मी बसले नाही.